कार्ड फॉरमॅट झालं, वर पंचवीस फोटोही काढले गेले: आता काय हाती लागेल?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे साधारण चारशे फोटो भावाच्या कॅननच्या कॅमेऱ्यात, ३२ जीबीच्या एसडी कार्डावर होते. भाच्याने कॅमेऱ्याशी खेळताना कार्ड फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर मांजराचे वीस-पंचवीस फोटोही काढले. काही फोटो तुम्ही आधी फोनवर घेतले होते, तेही जागा रिकामी करताना उडाले. एका दुकानदाराने १५ हजार रुपये सांगितले. आणि तुम्ही विचारताय की कुठलं सॉफ्टवेअर वापरू.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. कार्ड अजून कॅमेऱ्यात असेल तर पहिल्यांदा ते बाहेर काढा आणि त्याच्या डाव्या कडेला जी इवलीशी पट्टी असते ती खाली सरकवून लॉक करा. 'आहेत का बघू' म्हणून कॅमेरा सुरू करू नका. भाच्याला रागावणंही आत्ता राहू द्या, कारण पुढे त्याला विचारावं लागणार आहे की फॉरमॅट करताना त्याने नक्की काय काय दाबलं.

हे विचारायचं कारण असं. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फॉरमॅटच्या पडद्यावर 'लो लेव्हल फॉरमॅट' अशी एक खूण करायची सोय असते. ती केली नसेल तर फॉरमॅट दोन-चार सेकंदांत उरकतं आणि फोटोंना प्रत्यक्षात हातही लागत नाही. ती केली असेल तर कॅमेरा सगळं कार्ड पुसत जातो, वेळ लागतो, आणि मग उडालेले फोटो परत काढून देणाऱ्या माझ्यासारख्याकडे येऊनही उपयोग नसतो. पोरं सहसा ती खूण करत नाहीत, 'ओके' दाबून मोकळी होतात. त्यामुळे मला तरी आशा वाटते.

आता आत काय घडलं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर फॅट३२ ही पद्धत असते, त्याहून मोठ्या कार्डावर एक्सफॅट. दोन्हींत फोटो एकीकडे असतात आणि कुठला फोटो कुठे आहे याची नोंद दुसरीकडे. सातबारा आणि जमीन यांचं नातं डोळ्यांपुढे आणा. एखादा फोटो डिलीट केला की सातबाऱ्यावरच्या नावावर काट मारली जाते, शेत जागेवरच राहतं. फॅट३२ मध्ये ही काट शब्दशः असते: नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरावीक खूण टाकली जाते. म्हणूनच सुटा डिलीट झालेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तेव्हा 'आयएमजी'मधला 'आय' गायब असतो आणि त्या जागी प्रश्नचिन्ह किंवा आडवी रेघ दिसते. फॉरमॅट म्हणजे तलाठ्याचं अख्खं दप्तर बदलून कोरं ठेवणं. नावं गेली, हद्दी गेल्या, पण पीक उभं आहे.

खरं नुकसान मांजराने केलंय. फॉरमॅटनंतर कॅमेऱ्याच्या लेखी कार्ड रिकामं असतं आणि बहुतेक कॅमेरे पहिल्या मोकळ्या गटापासून वाटप सुरू करतात. एक फोटो ८ एमबीचा धरला तर २५ फोटोंचे २०० एमबी झाले. तुमचे चारशे फोटो ३२०० एमबी जागेत बसलेले. म्हणजे मांजराने सुरुवातीची सोळावा हिस्सा जागा खाल्ली. आणि कार्यक्रमाच्या आधी कार्ड रिकामं करून घेतलं असेल तर सुरुवातीला कुठले फोटो होते? सकाळचे. दारातली रांगोळी, तोरण, गुरुजी मांडणी करताना. औक्षण, तुला, नातवंडांचा घोळका हे सगळं पुढच्या जागेत आहे आणि तिथपर्यंत मांजर पोचलेलं नाही.

अगदी हद्दीवरच्या एखाद्या फोटोचं डोकं मांजराखाली गेलेलं असेल आणि धड शिल्लक असेल. तो मिळणार नाही, कारण ही सॉफ्टवेअरं फोटो डोक्यावरूनच ओळखतात. प्रत्येक जेपेग फाइलची सुरुवात 'एफएफ डी८' या दोन बाइटांनी होते आणि शेवट 'एफएफ डी९' ने. दप्तर कोरं असलं तरी सॉफ्टवेअर कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातं, असं डोकं दिसलं की तिथून फोटो उचलायला लागतं. सगळी कला एवढीच आहे. जाहिरातींत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' वगैरे लिहितात, ते सोडून द्या.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच आठवायची आहे. कार्यक्रम चालू असताना, जेवणाच्या पंगतीच्या वेळी वगैरे, कुणी कॅमेरा घेऊन डोळे मिटलेले, हललेले फोटो मधूनमधून डिलीट करत बसलं होतं का? तसं झालं असेल तर पुढचे काही फोटो त्या मधल्या फटींत तुकड्यातुकड्यांनी बसलेले असू शकतात. फॅट३२ मध्ये कुठला तुकडा कुठल्याला जोडायचा हे कोष्टक फॉरमॅटबरोबर पुसलं जातं. असे फोटो परत आले की वरचा भाग नीट आणि खाली करडा पट्टा, नाहीतर आईंच्या खांद्याखाली दुसऱ्याच कुणाचं तरी जेवणाचं पान असं दिसतं. पन्नास-साठ फोटोंत एखाददुसरा असा निघाला तर घाबरू नका. ओळीने सगळेच तसे निघाले तर कार्डाचं वाचन नीट होत नाहीये असं समजा आणि थांबा.

कार्ड संगणकाला लावलं की संगणक मदत करायला धावतो आणि तिथेच घात होतो. 'या कार्डात अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का?' किंवा 'वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल' असा चौकोन येतो. दोन्हींना नाही म्हणायचं. या धंद्यात नवा होतो तेव्हा एका जावळाच्या कार्यक्रमाचं कार्ड माझ्याकडे आलं होतं आणि मी स्वतः 'दुरुस्त करा'वर बोट ठेवलं होतं. दुरुस्तीने फोटोंचे फोल्डर मोडून 'फाउंड' नावाच्या एका फोल्डरात '.सीएचके' अशा शेपटाच्या शेकडो फाइली भरून ठेवल्या. काहींचं शेपूट बदलून '.जेपीजी' केल्यावर त्या उघडल्या, बऱ्याच नाहीत. त्या घरच्यांना मी काय झालं ते सांगितलं, पैसे घेतले नाहीत, पण ते अर्धे फोटो माझ्यामुळे गेले हे माझ्या डोक्यातून जात नाही. लॉकची पट्टी आधी सांगितली ती त्यासाठी. ती लावलेली असली की कार्ड रीडर कार्डावर लिहू देत नाही. फोनमधल्या मायक्रोएसडीला अशी पट्टी नसते, पण ते ज्या मोठ्या खोक्यात घालतात त्याला असते.

मग पहिलं काम फोटो शोधण्याचं नाही, कार्डाची हुबेहूब नक्कल काढण्याचं. याला आम्ही 'इमेज काढणं' म्हणतो. फाइली कॉपी करणं वेगळं, त्यात फक्त मांजर येईल. इमेजमध्ये रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट कार्डाचा प्रत्येक बाइट येतो आणि ३२ जीबीच्या कार्डाची इमेज ३२ जीबीचीच होते, तेव्हा संगणकावर तेवढी जागा आधी बघून ठेवा. विंडोजवर 'विन३२ डिस्क इमेजर' हा फुकट प्रोग्रॅम आहे. कार्डाचं अक्षर निवडायचं, इमेज कुठे ठेवायची ते सांगायचं आणि 'रीड' दाबायचं. शेजारीच 'राइट'चं बटण आहे, ते दाबलं तर उलटा व्यवहार होतो, म्हणून तिथे घाई नको. 'फक्त वापरात असलेले भाग वाचा' अशा अर्थाची खूण असेल तर ती काढून टाका, आपल्याला सगळं हवंय. जुन्या यूएसबी २ रीडरने सेकंदाला २० एमबी धरले तरी अर्ध्या तासाच्या आत काम होतं. लिनक्स किंवा मॅक असेल तर 'डीडीरेस्क्यू' वापरा. ते अडखळणाऱ्या जागा आधी ओलांडून चांगलं तेवढं गोळा करतं आणि मग मागे येऊन पुन्हा प्रयत्न करतं. माझ्या टेबलावर अडखळणारं कार्ड आलं की मी दुसरं काही लावतच नाही.

इमेज नीट झाली की कार्ड पाकिटात घालून देवघरात ठेवा. इथून पुढे कितीही चुका केल्या तरी त्या नकलेवर होतील.

आता तुमचं सॉफ्टवेअर. फोटोरेक. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं, पूर्ण फुकट, त्याचा कोडही खुला. काळ्या पडद्यावरची अक्षरं बघून भीती वाटत असेल तर त्याच्याच पुडक्यात 'क्यूफोटोरेक' हे खिडकीवालं रूप मिळतं. त्यात 'रॉ डिस्क इमेज जोडा' म्हणून सोय आहे, तिथून आपली इमेज द्यायची, फाइल प्रकारांत फक्त जेपेग आणि कॅननच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली ठेवायच्या, बाकी सगळ्या खुणा काढायच्या, नाहीतर नको तो कचराही येतो. शोध कुठे घ्यायचा याला दोन पर्याय आहेत, 'फ्री' आणि 'होल'. 'फ्री' म्हणजे कार्ड ज्याला सध्या रिकामी जागा समजतंय तेवढीच. तुमच्या बाबतीत आधी हेच घ्या, मांजर आपोआप गाळलं जाईल. समाधान झालं नाही तर 'होल'. मिळालेले फोटो संगणकाच्या डिस्कवर वेगळ्या फोल्डरात साठवायचे. कार्डावर चुकूनही नाही. लोक हे करतात हो. सापडलेला फोटो न सापडलेल्या फोटोवर लिहून ठेवतात.

निकाल बघून पहिल्यांदा दचकायला होतं. 'रेकप डिर' नावाचे फोल्डर तयार होतात, दर पाचशे फाइलींना एक, आणि मूळ नावं कुठेच नसतात. नावं दप्तरात होती, ती तिथेच संपली. पण फोटोरेक फाइलीला जो आकडा देतं तो ती फाइल कार्डाच्या कितव्या सेक्टरपासून, म्हणजे छोट्या कप्प्यापासून, सुरू झाली याचा असतो. म्हणजे नावाप्रमाणे लावलं की बहुतेक वेळा फोटो काढल्याच्या क्रमानेच समोर येतात. 'टी' अक्षराने सुरू होणाऱ्या फाइली फोटोच्या पोटातल्या छोट्या प्रतिमा असतात. त्या लगेच फेकू नका. मोठा फोटो खालून फाटलेला असेल तेव्हा त्या टिकलीएवढ्या चित्रावरून निदान कोण होतं ते कळतं. तारीख आणि वेळ फोटोच्या आतच नोंदलेली असते, तिला फॉरमॅटने धक्का लागत नाही. फोल्डरात 'डेट टेकन'चा रकाना लावून त्या दिवशीचे वेगळे करा.

हे करायला एकट्याने बसा असं मी सगळ्यांना सांगतो. कार्ड दोन-तीन वर्षं वापरातलं असेल तर त्या आधीचेही फोटो वर येतात, आणि भावाने ते डिलीट केले होते त्याला काही कारण असेल.

कार्डावर व्हिडिओही होते का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांच्याबद्दल एवढी आशा धरू नका. एमपी४ मोठी असते, तुकड्यांत विखुरण्याची शक्यता जास्त, आणि ती कशी वाजवायची याची अनुक्रमणिका पुष्कळदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. शेपूट सापडलं नाही तर पुढचं सगळं असूनही फाइल उघडत नाही. काही वेळा त्याच कॅमेऱ्याने काढलेला धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून देऊन दुरुस्त करता येतो, पण ते घरी करायचं काम नाही.

आता १५ हजारांचं. कार्ड संगणकाला नीट दिसतंय, त्याचा आकार बरोबर दाखवतंय, इमेज अडथळा न येता निघते, तर वर सांगितलं त्यापेक्षा वेगळं दुकानदारही काही करणार नाही. विकतची चांगली सॉफ्टवेअरं आहेत, मीही वापरतो, तुकडे जोडण्यात ती कधीकधी सरस ठरतात. पण फुकट चाचणीत ती सापडलेल्या फोटोंची झलक दाखवतात. झलक बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, सॉफ्टवेअरला नाही आणि दुकानालाही नाही. मोठी रक्कम रास्त होते ती कार्ड मेलेलं असताना. कुठल्याच रीडरला दिसत नाही, किंवा दिसतं पण आकार शून्य. मग वरचा थर खरवडून आतल्या बारीक जोडण्यांना तारा लावून चिप थेट वाचावी लागते. त्यातून निघालेला माल कार्डाचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलर चिपने स्वतःच्या हिशेबाने घुसळलेला असतो, तो सरळ करायचा. हे भिंगाखालचं, दिवसच्या दिवस चालणारं काम आहे. तुमचं कार्ड त्यातलं वाटत नाही.

पाण्याचं विचारलेलं नाही, पण आमच्या सांगलीकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर लोकांनी कार्डं आणि हार्ड डिस्क पिशव्या भरभरून आणल्या होत्या, म्हणून जाता जाता. एसडी कार्ड पाण्याने सहसा मरत नाही. स्वच्छ पाण्यात हलकं धुवा, चार दिवस पूर्ण वाळू द्या, मग लावा. हार्ड डिस्क मात्र भिजली की तिला वीज लावू नका आणि तांदळाच्या डब्यातही पुरू नका.

फोनवर तुम्ही घेतलेल्या आणि मग उडालेल्या फोटोंचं वेगळं आहे, आणि इथे मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. कार्डाला जो सातबारा-जमिनीचा दाखला दिला तो फोनच्या आतल्या मेमरीला लागू पडत नाही. तिथे नाव काटलं की थोड्याच वेळात फोन मेमरीला कळवतो, 'हे गट आता नकोत', आणि मेमरी ते स्वतःहून साफ करते. याला 'ट्रिम' म्हणतात, लॅपटॉपच्या एसएसडीतही हेच चालतं. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांत प्रत्येक फाइल कुलूपबंद लिहिली जाते. फाइल गेली की तिची किल्लीही गेली. 'डिलीट झालेले फोटो परत आणा' म्हणणारी ॲपं मग काय दाखवतात? गॅलरीने साठवलेली लहान चित्रं. पहिल्या नजरेला वाटतं सगळं आलं, मोठं करून बघितलं की धूसर. त्यासाठी लोक वर्षाची वर्गणी भरतात.

फोनमध्ये शोधायच्या जागा आहेत त्या साध्या आहेत. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. सॅमसंगच्या गॅलरीचा स्वतःचा वेगळा ट्रॅश आहे, ३० दिवसांचा. आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड', तोही ३० दिवसांचा. आज किती दिवस झाले ते मोजा आणि हे काम कार्डाच्याही आधी करा, कारण कार्ड देवघरात वर्षभर थांबेल, ट्रॅश थांबणार नाही. भावाने एखाद्या वेळी कार्ड मॅकला लावून तिथून काही डिलीट केलं असेल तर मॅक त्या फाइली त्याच कार्डावरच्या एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो. विंडोज तसं करत नाही, कार्डावरून डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही, तेव्हा तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि व्हॉट्सॲप. तुम्ही त्यातले फोटो घरच्या ग्रुपवर टाकले असतीलच. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात, 'इमेजेस'च्या आत 'सेंट' म्हणून फोल्डर असतो, तुम्ही पाठवलेल्याची प्रत तिथे मिळते. ती दाबलेली असते, आल्बमच्या पूर्ण पानाला पुरणार नाही, पण पोस्टकार्डाएवढी छपाई बरी येते.

कार्डावरून सगळं निघालं की वेळेप्रमाणे लावलेल्यांतला पहिला फोटो किती वाजताचा आहे ते बघा. समजा तो नऊ चाळीसचा निघाला, तर नऊ चाळीसच्या आधीचं मांजराने नेलं. तेवढ्या वेळापुरतं नातेवाइकांना विचारायचं: दारातली रांगोळी, कलश, गुरुजी आले तेव्हाचं. रांगोळीचा फोटो फोनमध्ये न काढता आत आलेली एकही मावशी-काकू मी अजून बघितलेली नाही. फक्त त्यांना सांगा, फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ आकारात येईल.